अंटार्क्टिकाला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंटार्क्टिक द्वीपकल्पावर दोनदा जाऊन आल्यापासून ट्रेकच्या ग्रुपमधून, नात्यातून आणि ओळखीच्यांच्या ओळखीतून प्रश्न येतच असतात. सुरुवात बहुतेक वेळा थंडीपासून होते. तिचं उत्तर सोपं आहे. उन्हाळ्यात तिथं उणे पाच ते अधिक पाच अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे थरांवर थर घाला आणि वारा अडवा. बाकीच्या प्रश्नांना मात्र प्रत्येक वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच उत्तर लिहून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळे इथं एकत्र केले आहेत.

१. आपण नेमकं कुठं जातो? दक्षिण ध्रुवावर?

नाही. बहुतेक सगळे पर्यटक अंटार्क्टिक द्वीपकल्पावर जातात. दक्षिण अमेरिकेच्या दिशेनं वर आलेलं हे खंडाचं शेपूट आहे. अर्जेंटिनाच्या उश्वाया या बंदरातून जहाज निघतं, साधारण दोन दिवसांत ड्रेक पॅसेज हा मधला खवळता समुद्र ओलांडतं आणि पुढचे चार-पाच दिवस बेटाबेटांवर थांबत फिरतं. तिथून ध्रुव आणखी अडीच हजार किलोमीटरांहून जास्त लांब आहे.

‘मग मैत्री आणि भारती बघायला मिळतील ना?’ हा लगेच येणारा पोटप्रश्न. मिळणार नाहीत. आपली ही दोन्ही संशोधन केंद्रं खंडाच्या वेगळ्याच बाजूला आहेत, आणि पर्यटक जहाजं तिकडं जात नाहीत.

२. व्हिसा लागतो का? तो देश नक्की कुणाचा?

अंटार्क्टिकाचा व्हिसा नसतो, कारण तिथं कुणाचं सर्वमान्य राज्य नाही. काही देश दावे सांगतात, पण १९५९ मध्ये बारा देशांनी सही केलेल्या आणि १९६१ पासून लागू असलेल्या अंटार्क्टिक करारानं ते दावे गोठवून ठेवले आहेत. भारत या करारात १९८३ मध्ये सामील झाला. १९९१ मध्ये माद्रिदला पर्यावरण संरक्षणाचा मसुदा, म्हणजे या कराराला जोडलेला प्रोटोकॉल, ठरला. खाणकामावर बंदी, कचरा परत नेण्याची सक्ती, प्राणी-वनस्पतींना हात न लावणं हे सगळं त्यातलं. तो १९९८ पासून लागू आहे.

आपल्याकडं २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक कायदाही झाला. त्यानुसार तिथं जायला भारत सरकारची किंवा माद्रिद मसुद्यात सामील असलेल्या दुसऱ्या देशाची परवानगी लागते. तुम्ही नोंदणीकृत जहाजावर प्रवासी म्हणून जात असाल, तर ती परवानगी जहाज कंपनीनं तिच्या देशाकडून आधीच घेतलेली असते. तुम्ही फक्त बुकिंग करताना ‘परवानगी कोणत्या देशाची?’ एवढं विचारा. उत्तर द्यायला जो एजंट चाचरतो, त्याला पैसे देऊ नका.

अर्जेंटिनाचा व्हिसा ही वेगळी बाब. त्यांची वकिलात मुंबईत आहे, नियम बदलत असतात, त्यामुळे थेट त्यांनाच विचारलेलं बरं.

३. कधी जावं?

नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरं असतं आणि पेंग्विन घरट्यांसाठी दगड चोरत असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी पिल्लं. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे भरपूर, पण किनाऱ्यावर चिखल आणि विष्ठा. तो वास पहिल्यांदा आला तेव्हा मला वर्सोव्यात सुकत घातलेल्या बोंबलांची आठवण झाली, फक्त दहापट.

४. जहाज कसं निवडायचं? स्वस्तात मोठं क्रूझ मिळतंय.

सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे. किनाऱ्यावर गेल्यावर तुम्ही कितीही शहाण्यासारखे वागलात, तरी निवडलेल्या जहाजाचा परिणाम त्याहून मोठा असतो.

पाचशेहून जास्त प्रवासी असलेलं जहाज तिथं कुणालाही उतरवत नाही. ते नुसतं लांबून फिरून येतं. त्याखालच्या जहाजांनाही एका वेळी एका ठिकाणी शंभरच प्रवासी उतरवता येतात (काही नाजूक जागांवर त्याहून कमी), आणि दर वीस जणांमागे एक गाईड लागतो. हिशोब तुम्हीच करा. शंभर-सव्वाशे प्रवाशांच्या जहाजावर जवळपास सगळे एकदम उतरतात. चारशेच्या जहाजावर चार पाळ्या होतात, आणि तुमच्या वाट्याला किनाऱ्यावर तासभर येतो.

कंपनी ‘आयाटो’ची सभासद आहे का, हे बघा. अंटार्क्टिकात पर्यटक नेणाऱ्या कंपन्यांची ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. सभासदत्व ऐच्छिक असलं तरी रोजच्या कामकाजाचे नियम तीच ठरवते. कोणतं जहाज कोणत्या बेटावर किती वाजता असेल याचं वेळापत्रकही तिच्यामार्फतच जुळवलं जातं, म्हणून तर तुम्हाला दुसरं जहाज सहसा दिसत नाही.

जड इंधन तेलाबद्दल (जहाजांचं घट्ट, गाळासारखं इंधन) बरेच जण विचारतात. साठ अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली ते वापरायला आणि वाहून न्यायलाही ऑगस्ट २०११ पासून बंदी आहे. त्यामुळे ‘आमचं जहाज जड तेल वापरत नाही’ अशी जाहिरात दिसली, तर ती कायदा पाळण्याची जाहिरात आहे एवढंच समजा.

५. ‘सामान बियामुक्त करा’ असं पत्र आलंय. म्हणजे काय करायचं? कपडे तर धुतलेलेच आहेत.

मीही असंच म्हणालो होतो.

ड्रेकमधल्या दुसऱ्या दिवशी जहाजावर तपासणी असते. किनाऱ्यावर नेणार ते सगळं घेऊन सभागृहात यायचं: जाकीट, पॅन्ट, गेटर (बुटावरून पोटरीवर बांधायचं आवरण), टोपी, कॅमेऱ्याची बॅग, काठ्या. तिथं व्हॅक्यूम क्लीनर, चिमटे आणि सेफ्टी पिना मांडलेल्या असतात. माझे गेटर मी पुण्यात दोनदा मशीनमध्ये धुतले होते. गाईड मुलीनं ते उलटे केले, व्हेल्क्रो दिव्याखाली धरला आणि चिमट्यानं एकेक कुसळ काढून पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडायला लागली. अकरा निघाली. ऑक्टोबरात राजमाचीला गेलो होतो, तिथलं ते गवत मी ओळखलं. मशीननं त्यांना फक्त आणखी घट्ट बसवलं होतं.

सह्याद्रीचं कुसळ तिथं रुजण्याची शक्यता जवळपास शून्य, हे खरं. पण तीच बॅग मे महिन्यात हिमाचलला नेली असेल, मागच्या वर्षी आल्प्समध्ये नेली असेल, तर थंडी सोसणाऱ्या गवताचं बी तिच्या शिवणीत असू शकतं. अंटार्क्टिकात मूळच्या फुलणाऱ्या वनस्पती दोनच आहेत, एक गवत आणि एक उशीसारखी वाढणारी बारीक वनस्पती. किंग जॉर्ज बेटावर संशोधन केंद्राजवळ बाहेरून आलेलं एक साधं कुरणाचं गवत १९८० च्या दशकात सापडलं. पुढं ते पसरलं आणि उपटून काढायला माणसं लावावी लागली. द्वीपकल्प जसजसं गरम होतंय, बर्फाखालून उघडी जमीन निघतेय, तसतशी अशा पाहुण्यांची सोय वाढतेय.

तेव्हा निघायच्या आधी एक रविवार काढा. गॅलरीत जुनी पांढरी चादर अंथरा, म्हणजे पडलेलं दिसेल. सगळे खिसे उलटे करा. कोपऱ्यातल्या धुळीच्या गोळ्यातच बिया असतात. व्हेल्क्रोवर जुना टूथब्रश आणि सुई. बुटांची नाडी पूर्ण काढून जीभेच्या आतली बाजू बघा. काठीच्या खालची प्लास्टिकची चकती फिरवून काढा, तिच्यामागं वाळलेला चिखल हमखास असतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून पुसा. लोकरी टोपी आणि हातमोजे फार त्रास देतात, त्यामुळे जमलं तर नवेच घ्या. सामानात थर्माकोलचे मणी किंवा तसलं पॅकिंग असेल तर घरीच ठेवा, त्यावर माद्रिद मसुद्यातच बंदी आहे.

६. मग किनाऱ्यावर जाता-येता पुन्हा बूट का धुवायचे? आणि खाली बसायलाही मनाई का?

बियांचा प्रश्न घरून येणाऱ्या सामानाचा होता (प्रश्न ५). हा प्रश्न एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणाऱ्या रोगाचा आहे. गमबूट बहुधा जहाजच देतं. उतरताना आणि परतताना ते ब्रशनं घासून जंतुनाशकाच्या तबकात बुडवायचे, तळव्याच्या खाचांमधली विष्ठाही काढायची.

पूर्वी लोक बर्फात लोळून फोटो काढायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जिया बेटाजवळ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये द्वीपकल्पावर बर्ड फ्लूचा घातक विषाणू सापडला. या रोगाच्या धोक्यामुळे आता बसणं, गुडघे टेकणं, आडवं होणं, बॅग किंवा ट्रायपॉडची पिशवी खाली ठेवणं हे सगळं बंद झालं. जमिनीला फक्त बूट लागले पाहिजेत, कारण धुतले जातात ते बूटच. गुडघे दुखणाऱ्यांना हे जड जातं. त्यांनी गाईडला आधी सांगून ठेवावं, म्हणजे लवकरच्या बोटीनं परत पाठवतात. कुठं आजारी किंवा मेलेले पक्षी जास्त दिसले तर उतरणंच रद्द होतं, आणि त्याचे पैसे परत मागू नयेत.

७. पेंग्विनपासून किती लांब राहायचं? तोच जवळ आला तर?

किमान पाच मीटर. फर सीलपासून पंधरा, कारण तो चावतो आणि माणसापेक्षा जोरात पळतो. घरट्यावर बसलेले काही मोठे समुद्रपक्षी याहून कितीतरी लांबूनच बिथरतात. तिथं गाईड सांगेल ते अंतर.

पेंग्विन स्वतः जवळ आला तर तुम्ही जागचे हलू नका. तो वास घेईल, पँट टोचून बघेल, निघून जाईल. हात पुढं करायचा नाही, खाली वाकायचं नाही. पेंग्विनांच्या बर्फातल्या पायवाटा ठरलेल्या असतात, समुद्रापासून घरट्यापर्यंत घासून गुळगुळीत झालेल्या. त्यांवर उभं राहायचं नाही, ओलांडायच्या असतील तर आधी त्याला जाऊ द्यायचं. पोटात पिल्लासाठी क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) भरून तो चढण चढत असतो, आणि तुमच्यासाठी त्यानं वळसा घेतला तर तेवढी ताकद वाया गेली.

एक गोष्ट फारशी कुणी विचारत नाही. भुसभुशीत बर्फात तुमचा पाय गुडघ्यापर्यंत गेला, तर पाय काढल्यावर तो खड्डा बुजवा. पेंग्विन त्यात पडला तर त्याला बाहेर येता येत नाही. रांगेत शेवटी चालणारा गाईड हेच करत असतो, त्याला मदत करा.

८. चिवडा, लाडू, भडंग नेता येईल का? शाकाहारी जेवण मिळतं?

केबिनमध्ये खुशाल खा. अर्जेंटिनाच्या कस्टम्सचे खाद्यपदार्थांबाबतचे नियम कडक आहेत, त्यामुळे घरचं, सुटं काही नेण्यापेक्षा कंपनीचं बंद पाकीट बरं. किनाऱ्यावर मात्र पाण्याच्या बाटलीशिवाय काहीही न्यायचं नाही. खिशातला एक शेंगदाणाही नाही, आणि बडीशेप-सुपारीही नाही. तंबाखूबद्दल थेट विचारायला लोक लाजतात, म्हणून न विचारता सांगतो: खाणं, ओढणं, थुंकणं, तिन्ही बंद.

शाकाहारी जेवण मिळतं. जैन जेवणासाठी बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि जहाजावर गेल्या गेल्या आचाऱ्याला भेटा. ड्रेकमध्ये मात्र कितीतरी जणांचं जेवण म्हणजे मारी बिस्किट आणि अव्होमिन एवढंच होतं.

९. किनाऱ्यावर लघवी लागली तर?

बोटीनं जहाजावर परत जायचं. दुसरा मार्ग नाही. बर्फावरही नाही आणि दगडाआडही नाही. उतरण्याआधी सगळ्यांनी जाऊन यावं आणि सकाळचा दुसरा चहा टाळावा. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी संकोच न करता गाईडच्या कानावर घालावं. त्यांच्यासाठी बोट लगेच बोलावली जाते. रात्री बर्फावर तंबूत झोपण्याची सोय देणारी जहाजं सोबत बंद डबा नेतात आणि तो परत आणतात.

१०. तिरंगा किंवा भगवा फडकवून फोटो काढता येईल? रायगडाची माती तिथं ठेवायची आहे.

हातात धरून, पक्ष्यांपासून लांब उभं राहून झेंड्याचा फोटो काढता येतो. काठी रोवणं, झेंडा तिथं सोडणं, मोठा बॅनर फडफडवणं नाही. गडावर देतो तशी गर्जनाही नको. घरट्यावरचा पक्षी दचकून उठला की अंडं उघडं पडतं, आणि वर अंडी पळवणारा स्कुआ पक्षी टपलेलाच असतो. गर्जना जहाजाच्या डेकवर द्या, आम्ही दिली होती.

मातीचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. निर्जंतुक न केलेली माती अंटार्क्टिकात नेण्यावर माद्रिद मसुद्यातच बंदी आहे, मग ती कुठल्याही गडाची असो. डबीत बंद करून ‘नुसती दाखवायला’ नेऊ का, असंही विचारतात. नको.

११. तिथला एखादा छोटा दगड? पडलेलं पीस?

नाही. दगड, पीस, हाड, अंड्याचं टरफल, जीवाश्म, काहीच नाही. जुन्या देवमासे-शिकारीच्या ठाण्यांवरचा गंजका खिळासुद्धा संरक्षित असतो. पोर्ट लॉकरॉयला १९४४ चा ब्रिटिश तळ आता संग्रहालय आहे; तिथल्या टपाल कार्यालयातून पत्र टाका. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी घरी येतं. त्या चिमुकल्या बेटाचा एक भाग पर्यटकांना बंद ठेवला आहे, दोन्हीकडच्या पेंग्विनांमध्ये काही फरक पडतो का हे बघायला.

१२. ड्रोन?

हौसेखातर नाही. आयाटोच्या जहाजांवरून किनारी भागात पर्यटकांना ड्रोन उडवता येत नाही. ‘पण अमुक यूट्यूबरनं उडवलाय की!’ वेगळी परवानगी काढलेल्या चित्रीकरणाचं किंवा संशोधनाचं फुटेज असू शकतं. नसेल, तर त्यानं नियम मोडलाय.

१३. दर्याला नारळ द्यायचा आहे. आणि वडिलांच्या थोड्या अस्थी...

हे दोन प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारले होते, पण उत्तर एकाच जागी आहे. साठ अंश दक्षिणेखालचा सगळा समुद्र प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत खास संरक्षित क्षेत्र आहे. जहाजाच्या आचाऱ्यालाही उरलेलं अन्न मनाला येईल तिथं टाकता येत नाही. म्हणून नारळ, फुलं, अक्षता, हळदकुंकू काहीही पाण्यात सोडायचं नाही. कोळीवाड्यातल्या एका काकांनी नारळाला केबिनमध्येच नमस्कार केला, प्रसाद वाटला आणि करवंटी जहाजाच्या कचऱ्यात दिली. दर्याला चालतं, म्हणाले.

अस्थींबाबत मी ‘नेऊ नका’ असंच सांगतो. जाताना काहीही मागं ठेवायचं नाही हा तिथल्या प्रत्येक भेटीचा मूळ नियम आहे. गुपचूप करू नका.

१४. डिसेप्शन बेटावर गरम पाण्यात डुंबता येतं म्हणतात?

डिसेप्शन हा जिवंत ज्वालामुखी आहे, १९६७ ते १९७० मध्ये तो फुटलाही होता. पाण्याच्या कडेला वाळूतून वाफ येते. जुन्या फोटोंत लोक वाळू खणून टबसारख्या खड्ड्यात बसलेले दिसतात. तसं खणणं आता करू देत नाहीत, कारण त्या कोमट वाळूतही बारीक जीवसृष्टी आहे. समुद्रात उडी मात्र मारता येते, बहुधा जहाजाच्या शिडीवरून, कमरेला दोर बांधून. सनस्क्रीन फासून उडी मारू नका. आणि बीपीची गोळी चालू असेल तर आधी जहाजावरच्या डॉक्टरांना विचारा.

१५. आईबाबा सत्तरीचे आहेत. नेऊ का?

शिडी उतरून हलत्या रबरी बोटीत पाय टाकता येत असेल, तर हो. जहाजावर डॉक्टर असतो, शस्त्रक्रियेची सोय नसते. गंभीर झालं तर किंग जॉर्ज बेटावरच्या धावपट्टीवरून चिलीला विमानानं न्यावं लागतं, तेही धुकं उठलं तर. वैद्यकीय सुटकेचा विमा मोठ्या रकमेचा घ्या आणि अटींत ‘अंटार्क्टिका’ हा शब्द स्वतः वाचा.

जहाज बुडण्याची भीती अगदीच निराधार नाही. २३ नोव्हेंबर २००७ रोजी ‘एक्सप्लोरर’ हे पर्यटक जहाज साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाला धडकून बुडालं. १५४ जण काही तास उघड्या जीवरक्षक नौकांत होते. समुद्र शांत होता, जवळ दुसरी जहाजं होती, सगळे वाचले. पहिल्या दिवशीच्या लाइफजॅकेटच्या कवायतीला आईबाबांना ‘जाऊ दे रे’ म्हणू देऊ नका.

१६. इतकं सगळं पाळायचं, त्यापेक्षा न गेलेलंच बरं ना?

प्रामाणिक उत्तर: हो, अंटार्क्टिकाच्या दृष्टीनं बरंच. मुंबईहून उश्वायापर्यंत निदान तीन विमानं, वर जहाज. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं जहाजं आणि विमानांची काजळी बर्फावर बसून काय होतं ते मोजलं होतं. त्यानुसार एका पर्यटकामागं सुमारे ८३ टन बर्फ एरवीपेक्षा लवकर वितळतं. बूट धुऊन हे भरून निघत नाही. ‘तिथं जाऊन माणूस निसर्गाचा राजदूत होतो’ असं कंपन्या सांगतात. माझ्याबरोबरच्या राजदूतांपैकी निम्मे पुढच्या वर्षी आर्क्टिकच्या बुकिंगमध्ये होते. मीही दोनदा गेलो, तेव्हा जास्त बोलत नाही. जायचंच तर एकदाच जा, लहान जहाजानं जा, आणि त्याच प्रवासात दक्षिण अमेरिका उरकून घ्या.

ज्यांचा बेत रद्द होतो त्यांना मी गोवा सुचवतो आणि ते चिडतात. पण भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच डिसेंबर १९८१ मध्ये निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथं उतरली. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आजही वास्कोला आहे.

१७. चुकून काही पडलं, उडालं तर? की सहप्रवासी नियम मोडत असेल तर?

दोन्हीचं उत्तर: लगेच गाईडला सांगा. सहप्रवाशाशी स्वतः हुज्जत घालू नका. आपल्याच ग्रुपमधला असेल तर मात्र मराठीत एक वाक्य पुरतं.

पडलेल्या वस्तूंबाबत माझाच अनुभव. दुसऱ्या खेपेला वाऱ्यानं माझी लोकरी टोपी डोक्यावरून उचलली आणि खाडीत टाकली. मी ‘असू दे, जुनीच होती’ म्हणालो. गाईडनं उत्तर दिलं नाही. वॉकीटॉकीवर बोट मागवली. अर्धा तास दोघं जण तरंगत्या बर्फातून वाट काढत होते आणि नव्वद प्रवासी किनाऱ्यावर उभे राहून, कुणाची टोपी ते विचारत होते. शेवटी हुकानं उचलून, ओली टोपी त्यांनी माझ्या हातात न देता पिशवीत घातली आणि जहाजावर आल्यावर पुन्हा तपासणीच्या टेबलावर ठेवली. लोकरीत एक कुसळ होतं.